चोवीस तासांचा डबा

प्रयोगशाळेत नमुन्यांच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताई म्हणत. एकोणीस वर्षं लघवीचे डबे घेऊन त्यांचं नाक मेलं होतं. मनही मेलं असावं, असं रक्त काढणाऱ्या पोरींचं मत होतं आणि ताईंनी ते कधी खोडून काढलं नाही.

किडनीतून प्रोटीन गळतंय का, हे बघायला चोवीस तासांची लघवी लागते. सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहायची. मग एक थेंब वाया घालवायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र डब्यात घ्यायची. हे ताई दिवसातून तीस वेळा सांगत. त्यातले निम्मे लोक माना डोलावून घरी जात आणि बरोब्बर उलटं करून येत. कोणी डबा नव्या कपड्यांच्या पिशवीत लपवून आणी. एका दूधवाल्याने तर डबा भरेना म्हणून वरून पाणी ओतून आणलं होतं. "जित्याची खोड!" एवढंच म्हणून ताईंनी त्याला दुसरा डबा दिला.

आज खिडकीत आलेला डबा त्यांच्या मुलीचा होता.

ताईंचा नवरा दीड वर्षापासून डायलिसिसवर. ताईंना स्वतःला साखरेचा आजार, म्हणून डॉक्टरांनी त्यांची किडनी बाद केली. मग मुलगी म्हणाली, "मी देते." तेवीस वर्षांची पोर, कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते. नवरा एकदा तरी 'नको' म्हणेल म्हणून ताईंनी महिनाभर वाट पाहिली. तो तसं म्हणालाच नाही. मरणाला भ्यायलेलं माणूस, त्याला काय बोल लावायचा? पण त्या दिवसापासून त्याच्या ताटात वाढताना ताईंना काही म्हणता काही वाटत नव्हतं. राग नाही, माया नाही. हात वाढत होता, बस्स.

"घ्या ताई, गरमागरम," डबा आत सरकवत मुलगी हसली.

"पहिली टाकलीस ना?"

"टाकली गं. तूच तर दाराबाहेर उभी होतीस पहारा देत! जाते, उशीर झालाय." ती वाकली, चपलेचा पट्टा एक भोक सैल केला आणि निघाली.

ताईंच्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती. तिच्यात कच्च्या अंड्याचा पांढरा बलक. नोकरीत आजारपणाची रजा उकळायला एका बहाद्दराने कधीकाळी नमुन्यात अंडं कालवलं होतं. जुने डॉक्टर तो किस्सा हसून हसून सांगत, आणि ताईंनी तो ध्यानात ठेवला होता. अख्ख्या डब्यात घालायची गरज नाही, तपासणीच्या नळीत दोन थेंब पुरतात. प्रोटीन दिसलं की मुलगी बाद. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं, तर खिडकी हीच आणि अंडी काय, कुठेही मिळतात. नवऱ्याचं काय होईल, याचा विचार त्यांनी केला होता. करून बाजूला ठेवला होता.

त्यांनी हातमोजे चढवले. सवयीने डबा आधी खालीवर हलवला आणि मापात ओतला. चौदाशे पन्नास मिली. आकडा लिहिला. मान वर केली, तर मापात फेस तसाच होता.

हलवल्यावर फेस येतोच, पण तो बसतो; प्रोटीन असलं तरच टिकतो. ताईंनी शंभरापर्यंत आकडे मोजले. पुन्हा शंभर. मापाच्या काठाला फेस चिकटून राहिला.

बाटली अजून पर्समध्येच होती, झाकण लावलेली. तरी त्यांनी पर्स उघडून ती पाहिली.

मग काचेच्या नळीत नमुना घेतला आणि दिव्यावर धरून वरचा भाग तापवला, पूर्वी मशिनं नव्हती तेव्हा तापवायच्या तसा. नळीत पांढरं साकळलं. त्यांनी आम्लाचे दोन थेंब टाकले. साधा गढूळपणा असता तर निवळला असता. हा निवळला नाही. उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा ढग नळीत होता, आणि अंडं तर त्यांनी घातलंच नव्हतं.

पोरगी बाद व्हावी, एवढंच त्यांनी मागितलं होतं. ती झाली.

रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मशिनसाठी वेगळी नळी भरली, तिच्यावर चिठ्ठी लावली, उरलेली लघवी मोरीत ओतली, माप धुतलं. पाठोपाठ बाटलीही मोरीत रिकामी केली. खिडकीवर टकटक झाली. कोणा म्हाताऱ्याने विचारलं, पहिली टाकायची की ठेवायची? "टाकायची. दुसऱ्या दिवशीची ठेवायची," ताई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला डबा दिला.

तासाभराने मुलीचा फोन आला.

"आई, बघितलास का माझा डबा? पास ना मी?"

"अजून मशिनवर लागायचाय." ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझे पाय सुजतात का गं?"

"आत्ता विचारतेस?" मुलगी म्हणाली. "दोन महिने झाले, सांगतेय तुला. तूच म्हणालीस, दिवसभर उभी असतेस म्हणून."