कमलला करमत नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही — नाहीच. मग आज तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं. आमच्या धामणगाव बढ्यात एक नर्सबाई बदलून आल्या. दर गुरुवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर त्या गावातल्या पोरींना घेऊन बसत. निमित्त शिवणाचं; खरं काम पोरींना बोलतं करायचं. मदतीला मी. मला त्यांनी एकच बजावलं होतं, "पोरगी 'करमत नाही' म्हणाली की हसायचं नाही. कधीपासून, झोप लागते का, जेवण जातं का — विचारायचं, आणि मला सांगायचं."

आता करमत नाही असं आमच्याकडे कोण म्हणत नाही? नवी सून म्हणते, जत्रा उठली की म्हातारेही म्हणतात. मला बाईंचंच हसू आलं होतं.

कमल आमच्या शेजारची, भाजीवाल्या मळेकऱ्यांची. सतरा वर्षांची. एका गुरुवारी सुई थांबवून म्हणाली, "काकू, मले करमत नाही."

"लगन झालं का करमते," मी म्हटलं. साऱ्या पोरी खिदळल्या. मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू?

पुढच्या गुरुवारी ती माझ्या कानाशी आली. "काकू, खरंच करमत नाही वो." मी तिच्या हातात सुई दिली, म्हटलं, दोरा ओव.

पंधरा दिवसांत कमलचं बोलणं बंद झालं. मग जेवण. घरचे म्हणाले, बाहेरचं लागलं. भगतानं तिला लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं. बाई धावत माझ्याकडे आल्या, "तुमच्याजवळ ती काही बोलली होती का?"

"नाही बाई. काहीच नाही बोलली."

भ्याले? हो, भ्याले. पण त्याहून — गावात शहाणी म्हणवून घ्यायची हौस होती मला. ती सोडवेना.

बाईंनी गुरुवारचं बसणं मोडलं. "पोरी बोलतच नाहीत, माझंच कुठंतरी चुकलं," म्हणाल्या. बदली मागून निघून गेल्या.

कमल आता म्हातारी झाली. भावाकडे असते. माझ्या दारावरून मान खाली घालून जाते. त्या काळी पोरी बोलतच नव्हत्या, असं गावात अजून सांगतात.

कमल बोलली होती. दोनदा. मलाच.