बर्फावरचा नट

सकाळपासून धुकं असं दाटलेलं, की प्रयोगशाळेच्या काचांवर कुणी ओलं फडकं चिकटवलंय असं वाटावं. प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या, सगळ्यांच्या आत्यानं नेहमीसारख्या बाटल्या उकळायला टाकल्या आणि ती मोठ्या फ्रीजरकडे वळली. दार बोटभर उघडं.

शनिवारी आतला बर्फ तिनंच खरवडला होता. तेव्हा दार उघडं राहिलं की किंचाळतो म्हणून भोंगा बंद केला, तो चालू करायचा राहिला. बर्फाचा एक खडा दाराच्या रबरात अडकला आणि मधे रविवारची सुटी.

फ्रीजरमधे ठेवलेल्या कपातल्या गोठलेल्या पाण्यावर लोखंडी नट ठेवायची युक्ती तिचीच. बर्फ वितळला तर नट बुडतो. नंतर पुन्हा गोठलं तरी चोरी कळते. नट तळाशी होता.

वितळल्या होत्या ताईच्या कुप्या. ताई म्हणजे सहा वर्षं पीएचडीच्या घाण्याला जुंपलेली पोर. कुपीतलं प्रथिन काय करतं, ते तिनंच एकदा सांगितलं होतं.

"गर्भातला मुकादम असतो हा, आत्या. पेशींना सांगतो, तू कणा हो, तू मेंदू हो. मी तोच ताटलीतल्या पेशींवर सोडते."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"तर घरचे माझं लग्न उरकतील."

दोन दिवस उबेत राहिलेला मुकादम कामातून गेला, दिसायला मात्र तसाच. आत्याचा नवरा अंथरुणाला खिळलेला, हिची नोकरी दरवर्षी नव्या सहीवर. तिनं बोट घालून नट काढला, दार घट्ट लावलं. दुपारी पाणी गोठल्यावर नट वर ठेवून दिला.

ताईच्या पेशी पहिल्यांदा नुसता गोळा होऊन बसल्या. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिचे मार्गदर्शक सर सगळ्यांदेखत म्हणाले, "प्रथिन चांगलं, पेशी चांगल्या. मग हातच वाईट म्हणायचा." त्या दिवशी ताईनं डबा उघडला नाही.

तीन महिन्यांनी ती टेबल आवरायला लागली, तेव्हा आत्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, हात नाही गं तुझा वाईट. कुप्या वितळल्या होत्या. दार माझ्याकडून उघडं राहिलं."

"कधी?"

"तू पहिली कुपी काढलीस, त्याच्या आधी."

ताईनं हातातली वही पिशवीत टाकली. "सरांना काल राजीनामा दिला मी," ती म्हणाली. "काल सांगितलं असतंस तरी चाललं असतं, आत्या."

"मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"सांग. दौऱ्यावर गेलेत, गुरुवारी येतील."

ती पिशवी उचलून गेली. मोरीत तिच्या शेवटच्या ताटल्या पडल्या होत्या. आत्यानं बाह्या सारल्या आणि नळ सोडला.