गोविंदाने बांधलेली पट्टी

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळल्या आहेत, पण विक्रोळीला हायवेवर झालेला तो अपघात जसाच्या तसा आठवतो. भरदुपारी एका मोटारसायकलस्वाराला ठोकर देऊन वाहन पसार झालं होतं. तरुण हॉस्पिटलात, बेशुद्ध. त्याची बायको आमच्या पोलीस ठाण्यात बसून सारखी विचारत होती, "साहेब, सापडला का तो?"

जखमीपाशी एक टेम्पो उभा होता आणि नंतर निघून गेला, एवढंच आम्ही पोचलो तेव्हा तिथे उरलेले लोक सांगत होते. संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, घाटकोपरला एक डेकोरेटर टेम्पोतलं रक्त धुतोय. लवकर या, नाहीतर सगळं साफ."

आम्ही त्याला टेम्पोसकट आणला. तिशीचा, दणकट माणूस. टेम्पोत मंडपाचे बांबू, फळ्या, गुलाबी झालरी. त्याला बघताच ती बाई नाही नाही ते बोलली. तो मान खाली घालून म्हणत राहिला, "मी नाही उडवलं, साहेब. मी उचललं त्याला." हे वाक्य पोलिसाने हजारदा ऐकलेलं असतं. बंपरला पोचे होते, पण जुन्या टेम्पोला ते नसतात कधी? तरुण दगावला असता तर मृत्यूचा गुन्हा याच्याच गळ्यात पडला असता.

"कसा उचललास, दाखव," मी म्हणालो आणि आमच्या वजनदार हवालदारांना फरशीवर झोपवलं. ते कुरकुरतच आडवे झाले.

त्याबरोबर त्या माणसाचा आवाजच बदलला. गुडघे टेकून त्याने हवालदारांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या शिपायांवर खेकसला, "ए, खांदा नि कंबर एकदम वळवा! मान पिळली तर वाट लागेल त्याची!" शिपायांनी निमूटपणे ऐकलं.

"हे कुठे शिकलास?"

"गोविंदा पथकात. थरावरून पडलेल्याला कसं उचलायचं, ते सरावाच्या आधी शिकवतात आम्हाला. लोक त्याचं हेल्मेट ओढत होते, पाणी पाजत होते. मी म्हटलं, हात लावू नका रे. मांडीतून रक्त चाललेलं, झालर फाडून दाबून धरली, घट्ट बांधली. गाड्या अंगावर येत होत्या म्हणून फळीवर घेऊन कडेला आणला, त्या फळीचंच रक्त टेम्पोला लागलं. बोललो, पायाची बोटं हलव. हलवली त्याने."

"मग थांबला का नाहीस?"

"अँब्युलन्सवाल्यांनी ताब्यात घेतला ना त्याला. नाव दिलं की कोर्टाच्या फेऱ्या, साहेब. धंदा कधी करू?"

अँब्युलन्सच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ती गुलाबी झालर ना? मी सोडलीच नाही, तिच्यावरूनच पट्टी बांधली. रक्त तिनेच थांबलं होतं." यावरून त्याने मदत केली हे कळलं. ठोकर दिली नाही, हे कुठे ठरत होतं? सकाळी हजर राहायला सांगून मी त्याला घरी पाठवला. सकाळी आला बिचारा, वेळेवर.

त्याच सकाळी तरुण शुद्धीवर आला. डॉक्टरांच्या परवानगीने जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. क्षीण आवाजात तो म्हणाला, "पांढरी कार होती. मागून ठोकली. टेम्पोवाला नंतर आला. सारखा ओरडत होता, झोपू नको रे, बोटं हलव." बोटांचं त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. खरं सांगतो, डोक्यावरून केवढं ओझं उतरलं! पांढरी कार पुढे मुलुंडच्या एका गॅरेजात फुटलेल्या दिव्यासकट मिळाली.

ठाण्यात त्या बाईने डेकोरेटरपुढे हात जोडले. "भाऊ, काल मी तुम्हाला काय काय बोलले..."

"जाऊ द्या ओ, वहिनी. आधी त्याला घरी आणा."

जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, कायदाच तसा आहे. लोकांना ते माहीत नसतं आणि आमच्या खात्यातही आठवण करून द्यावी लागते. त्या केसनंतर जखमीला घेऊन कोणी आलं की मी आधी त्याला खुर्ची द्यायचो, चहा सांगायचो. डेकोरेटर थांबला म्हणून एकाचा जीव वाचला. पुढच्या वेळीही त्याला थांबावंसं वाटेल की नाही, हे मात्र आम्ही त्याच्याशी कसे वागतो त्यावर आहे.