मामा, जरा हसा!

सासऱ्यांना समुद्रात सोडून यायचा माझा अजिबात विचार नव्हता. मला फक्त त्यांचा एक चांगला फोटो काढायचा होता.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो (माझ्या शोधायला घरी बायको आहे). गेल्या उन्हाळ्यात शिफ्टमधल्या मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि बायको सुजाता अन् सासू-सासऱ्यांना घेऊन समुद्रकाठचं राष्ट्रीय उद्यान बघायला निघालो. चिंचवड सोडल्यापासून कॅमेरा माझ्या गळ्यात. गाडी चालवतानासुद्धा!

गेटवर वनरक्षकाने बजावलं, "ओहोटी आहे तोवरच खडकांवर जा. पाणी चढायला लागलं की लगेच मागं फिरायचं."

"हो हो," मी म्हणालो. (मी तेव्हा लेन्स पुसत होतो.)

ऊन असं होतं की सासूबाई आणि सुजाता सुरूच्या झाडाखाली बसल्या त्या उठेचनात. राहिले मामा, म्हणजे माझे सासरे. माणूस भिडस्त. जावयाला नाही म्हणायचं नाही, हे त्यांचं व्रत! मी त्यांना पार टोकाच्या खडकावर उभं केलं आणि स्वतः लांब टेकाडावर चढलो. का, तर कॅमेऱ्याचा झूम किती लांबचं खेचतो ते बघायचं होतं.

झूम भारीच होता. मामा कमरेपासून वर अगदी समोर बसल्यासारखे दिसत होते. पण मला मागे उडणारा पक्षी हवा होता. पक्षी आला तर ढग गेला, ढग आला तर पक्षी गेला. मामा आपले उभेच! मग त्यांनी एक हात वर केला.

"वा मामा! दुसरापण!" मी ओरडलो.

त्यांनी दुसराही केला. वाऱ्यावरून अर्धवट ऐकू आलं, "जावईबापूऽऽ!"

"झकास! जरा हसा!"

मामा उड्या मारायला लागले. लग्नात वरातीतही न नाचलेला माणूस! मी धडाधड बटण दाबत सुटलो. मग त्यांनी हात जोडले. मला वाटलं, सागराला नमस्कार!

"अहो संदीपराव!" पाठोपाठ "अरे संद्याऽऽ!" आणि त्याच्याही पुढे जे आलं, ते मामांना येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सुजाता धावत आली. "अहो, पप्पा बुडतायत!"

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. मामा आणि किनारा यांच्यामध्ये समुद्र होता! त्यांच्या गुडघ्यापर्यंत पाणी. मी धावलो, आपटलो, उठलो, पाण्यात शिरलो आणि तिथे आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. कॅमेरा मात्र डोक्यावर धरलेला!

"तो सोड आणि पप्पांना धर!" सुजाता किंचाळली. (अहो-जाहो वाहून गेलं होतं.)

आरडाओरडा ऐकून वनरक्षक दोर घेऊन आला. छातीभर पाण्यातून त्याने मामांना आणलं आणि परत फिरून मलाही. मामा थरथरत होते. सासूबाई नुसत्या पदराने त्यांचं डोकं पुसत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मामा, चुकलं माझं."

"फोटो दाखवा," ते म्हणाले.

पहिल्या फोटोत मामा संकोचून हसत होते. शेवटच्या फोटोत डोळे विस्फारून हात जोडलेले. एवढी भीती, इतक्या जवळून, आणि मी हसायला सांगत होतो! मला तिथल्या तिथे वाळूत पुरून घ्यावंसं वाटलं.

वनरक्षक डोकावला. "साहेब, यातला एक द्या ना. धोक्याच्या बोर्डवर लावतो. फोटो असला की लोक ऐकतात."

मामा आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे नाही म्हणाले. "माझा कशाला? ज्याच्यापासून धोका आहे, त्याचा लावा!"

वनरक्षकाने काठावर ठेवलेला मोबाइल उचलून माझ्याकडे वळवला. मी निमूटपणे ओला शर्ट सारखा केला आणि उभा राहिलो.