ज्युनिपरचा निर्जळी उपवास

न्यू मेक्सिकोत घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात माती अशी नव्हतीच, नुसते दगड. तिथे मी ज्युनिपर लावायचं ठरवलं. इथल्या टेकड्यांवर आपोआप उगवणारं, सुरूच्या जातीचं काटक झाड. त्याला पाणी फारसं लागत नाही, एवढ्या एका गुणावर मी ते पसंत केलं, कारण मी आळशी आहे. खड्डा खणायला मात्र पहार घेऊन दोन वीकेंड गेले.

मे महिन्यात नागपूरहून सासूबाई आल्या. गुडघ्याएवढं रोप बघून म्हणाल्या, "जावईबुवा, याला पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही, आई. याला लागतच नाही."

आता मी त्यांच्या मुलीचंही जेवण बंद करणार, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कामाला गेलो की त्या रोज तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी रोपाला घालू लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "मी? छे!" पण खडीत तुरीची डाळ सापडायची.

शेवटी मी रोपाला पाटी बांधली: 'आज माझा उपवास आहे.' सासूबाई उपासतापासाच्या बाबतीत कडक. संध्याकाळी पाहतो तर जमीन ओली, आणि माझ्या ओळीखाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'उपवासाला पाणी चालतं.'

मी 'उपवास'च्या आधी 'निर्जळी' घुसडलं.

"तुम्ही दोघं ना, होपलेस आहात यार," बायको म्हणाली.

पण पाटी लागू पडली. तीन आठवडे सासूबाई रोपाकडे बघून, सुस्कारा टाकून आत जायच्या. मी खूश. मग शेंडे तपकिरी पडायला लागले.

बायकोला घेऊन नर्सरीत गेलो, फोटो दाखवले. तिथल्या बाईंनी विचारलं, "लावलं कधी?"

"मार्चमध्ये."

"आणि पाणी?"

"तीन आठवडे थेंबही नाही," मी अभिमानानं सांगितलं.

"अहो, मुळं खोल गेल्यावर ते दुष्काळ सोसतं. रोज पाणी घालू नका, पण पहिले दोन उन्हाळे पंधरा दिवसांतून एकदा भरपूर द्या."

घरी येताना मी ठरवलं, हे आपल्याच डोक्यातून आलं असं सांगायचं. अंगणात आलो तर सासूबाई बादली घेऊन उभ्या. पाटीवर नवी ओळ: 'काल एकादशी झाली. आज पारणं.'

"घाला, घाला," मी उदारपणे म्हणालो. "पंधरा दिवसांतून एकदा माझी हरकत नाही."

बायकोनं जेवायला बसायच्या आत सगळं बिंग फोडलं.  सासूबाईंनी माझ्या ताटापाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. सुकलात."

ऑक्टोबरमध्ये त्या परत गेल्या तोवर झाड सावरलं होतं. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी सांगितलं, वर्षात चार बोटं वाढलं. सासूबाईंचा विश्वास बसेना. "पट्टी लावून दाखवा," म्हणाल्या. मी पट्टीचं टोक जरा खडीत खुपसलं. बायकोनं ती हातातून काढून घेतली आणि नीट जमिनीला टेकवली.