ताशी एकशे आठ किलोमीटर चीक

माझ्या आयुष्यातला आजवरचा सर्वाधिक वेग ताशी एकशे आठ किलोमीटर आहे, आणि तो मी गाडीला दोन लिटर चीक बांधून गाठलेला आहे. बाकीचे मोटारसायकलवाले पहिल्या वेगाच्या आठवणी सांगतात तेव्हा त्यांच्या मागे मैत्रीण तरी बसलेली असते, नाहीतर पोलीस तरी लागलेला असतो. माझ्यामागे किटली होती.

तसा मी वेगाचा माणूस नाही. वय चव्वेचाळीस, पणदऱ्यात खताचं दुकान, आणि शंभर सीसीची एक म्हातारी गाडी. ती चाळीसच्या वर गेली की आधी खोकते, मग थरथरते, मग मीच तिची माफी मागून पस्तीसवर येतो. बारामतीच्या रस्त्यावर एकदा एका सायकलवाल्यानं मला मागं टाकलं आणि पुढं जाऊन थांबला. म्हणाला, "पाहुणं, पेट्रोल संपलंय का?" (संपलं नव्हतं. मी तेव्हा घाईत होतो.)

तर चीक. आमच्या घरी एक चाल आहे. शालनआत्या, म्हणजे आमच्या आबांची धाकटी बहीण, लग्न होऊन निमगाव केतकीला गेली तेव्हा बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक कालवड मागं ठेवून गेली. आज आमच्या गोठ्यात जी चंद्री आहे ती त्या कालवडीची पणती. त्यामुळं चंद्री व्याली की पहिल्या दिवसाचा चीक आत्याच्या घरी पोचवायचा. तो तिचा मान. पहिल्याच दिवसाचा, हे महत्त्वाचं. तो चीक घट्ट, पिवळाधमक असतो. गूळ घालून वाफवला की खरवस असा लागतो की सुरीनं वड्या पाडाव्यात. तिसऱ्या दिवसाचा चीक म्हणजे नुसतं दूध, जरा गैरसमज झालेलं.

तीन वर्षांपूर्वी चंद्री व्याली तेव्हा आबांनी मला लगेच पिटाळलं. मी म्हटलं, उद्या जातो. त्या दिवशी मॅच होती. दुसऱ्या दिवशी मॅचचा शीण होता. तिसऱ्या दिवशी सकाळी धार काढली आणि गेलो.

"ताजा हाय न्हवं?" आत्यानं विचारलं.

"आज सकाळचाच," मी म्हणालो. (खोटं एक अक्षर नव्हतं.)

नेमक्या त्याच दिवशी आत्याच्या लेकीच्या सासूबाई आलेल्या. आत्यानं माहेरचं कौतुक सांगत सांगत चीक चुलीवर चढवला. दीड तास वाफवला, झाकण काढलं, तर आत गुळाचं दूध हेलकावे खातंय. विहीणबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि फार गोड आवाजात विचारलं, "तुमच्या माहेरी खरवस पित्यात व्हय?"

त्या दिवसापासून आत्या आबांशी बोलायची बंद झाली. भावानं मान राखला नाही, विषय संपला. आणि आबांनी एकदाही तिला सांगितलं नाही की चूक पोराची होती. (मीही त्यांना आठवण करून दिली नाही.) आबा आता चौऱ्याहत्तरीचे. रोज दुपारी बाजेवर बसून मोबाइल काढायचे, आत्याचा नंबर लावायचे आणि वाजायच्या आधीच कापायचे. मी बघतोय असं दिसलं की म्हणायचे, "रेंज लागत न्हाय." मोबाइलचा टॉवर आमच्या घरासमोर आहे.

त्यानंतर चंद्री थेट या मार्चमध्ये पहाटे व्याली. आबा स्वतः धारेला बसले. दोन लिटरची स्टीलची किटली गळ्यापर्यंत भरली, झाकणाखाली फडकं दाबलं आणि मला हाक मारली.

"संजू, ऊन तापायच्या आत पोचलं पायजे."

"पोचवतो, आबा."

"नासलं तर माघारी येऊ नगंस. तिकडंच एखादं काम बघ."

मी बाहेर आलो. गाडीला किक मारली. गाडी खोकली. दुसरी मारली, खोकला गेला, पण गाडीही गेली. वीस मिनिटं मी त्या गाडीवर वरखाली होत होतो आणि आबा दारात उभं राहून सूर्याकडं बघत होते. आमचा मेव्हणा सचिन आदल्या दिवशी पुण्याहून नवी गाडी घेऊन आला होता. सहा गिअर, पुढं घड्याळाऐवजी टीव्ही, आणि बसल्यावर माणूस गुन्हा करायला निघाल्यासारखा पुढं वाकतो. सचिन अजून अंथरुणातच होता. तिथूनच त्यानं किल्ली फेकली.

"दाजी, एक खाली, पाच वर."

"काय?"

"गिअर. आणि रेस हळू पिळा, तुमच्या गाडीसारखं मुरगाळू नका."

"किती पळते?"

"तुम्ही बघायला जाऊ नका, म्हणजे झालं."

बायको म्हणाली, "ह्यास्नी गोठ्यातली म्हैस आवरत न्हाय आन ही गाडी आवरणार."

किटली सीटच्या मागच्या कडीला, उजव्या अंगाला, सुतळीनं करकचून बांधली. तिच्या बरोबर खाली सायलेन्सर होता. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. एव्हाना उठून आलेला सचिन धरून पाच माणसं उभी होती, आणि त्यातला एक मेकॅनिकल इंजिनिअर होता.

बारामती मी दुसऱ्या गिअरमध्ये पार केली. बँकेतून, दवाखान्यातून, कॉलेजातून लोक बाहेर येऊन आवाज कशाचा ते बघत होते. भवानीनगरच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या, मागं रस्ता झाडत चाललेली उसाच्या शेंड्यांची वाढी, आणि शेजारच्या तालुक्याला ऐकू जावं एवढ्या आवाजात गाणी. त्याच्या मागं मी दहा मिनिटं चाललो. ऊन मानेवर आलं. डोळ्यांसमोर बाजेवर बसलेले आबा आले. मी गिअर टाकला, मनातल्या मनात सॉरी म्हटलं आणि रेस पिळली.

पिळायला नको होती.

ट्रॅक्टर माझ्या डावीकडून गेला नाही, तो माझ्या आयुष्यातूनच गेला. टीव्हीवर साठ, पंचाहत्तर, नव्वद असे आकडे निवडणुकीच्या निकालासारखे वाढत होते. टोपी गेली. शर्ट फुगून मी पाठीमागून तरी गावातला मोठा माणूस दिसत असणार. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. एक माशी तोंडात आली आणि मी तिला गिळलं, कारण थुंकायला तोंड मिटावं लागतं आणि ते मिटत नव्हतं. एकशे आठ! आणि खरं सांगतो, घाबरून अर्धमेला झालो होतो, तरी आतून कुणीतरी म्हणत होतं की संज्या, चव्वेचाळीस वर्षं तू होतास तरी कुठं?

सणसरचा गतिरोधक मला दिसला नाही. गाडीला दिसला. आम्ही दोघं थोडा वेळ हवेत होतो, मग वेगवेगळे खाली आलो आणि सुदैवानं पुन्हा एकत्र झालो. मागं टण्ण असा आवाज आला. मी म्हटलं, खडा उडाला असेल.

त्यानंतर मोटारसायकलवरचा एक माणूस दिसला. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी पँट, काळा गॉगल, बहुधा कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालेला. तो माझ्या मागं लागला. हात हलवायचा, माझ्या गाडीकडं बोट करायचा, काहीतरी ओरडायचा. वाऱ्यात एक शब्द ऐकू येईना. आता माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात कधी कुणी शर्यतीचं आव्हान दिलेलं नव्हतं. मी आरशात बघून त्याला अंगठा दाखवला आणि आणखी पिळली. तोही जिद्दीचा. अंतर राखून मागं राहिला, पण दर वेळी आरशात बघावं तर तो आधीपेक्षा पिवळा दिसायचा. लासुर्ण्याच्या अलीकडं तो थांबला. रस्त्याच्या कडेला उभा राहून रुमालानं गॉगल पुसत होता. मी म्हटलं, हरला बिचारा.

आणि मग वास सुरू झाला. खरवसाचा. जंक्शन गावाला आला, अंथुर्ण्याला आला, शेळगावला तर असा घमघमाट की मला भूक लागली. मला वाटलं, आज सगळ्या इंदापूर तालुक्यातल्या गाई एकदम व्यालेल्या दिसतात.

निमगाव केतकीच्या वस्तीवर पोचलो तेव्हा आत्या अंगणात बसून मळ्यातली विड्याची पानं ओल्या फडक्यानं पुसत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा पानं पुसायला लागली.

"आत्या, मी संजू."

"दिसतंय."

"चीक आणलाय. आजचा, पहाटेचा. आबांनी दिलाय."

"कुठाय?"

मी मागं वळलो. किटली होती. झाकण नव्हतं, फडकं नव्हतं, आणि आत वाकून बघितलं तर तळाला माझाच चेहरा दिसत होता. माझी पाठ, पँट, मागचं चाक, सगळं पिवळं. आणि त्या तापलेल्या सायलेन्सरवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर जाडीचा खरवस लागला होता. कडा खरपूस झाल्या होत्या.

पन्नास किलोमीटर मागं आबा बाजेवर बसले होते, मांडीवर मोबाइल होता, आणि मी रिकामी किटली घेऊन उभा होतो. दुसऱ्यांदा.

आत्या उठली. गाडीला एक चक्कर मारली. अंगणातली एक काडी उचलून खरवसात खुपसली आणि बाहेर काढून उन्हात धरली. काडी कोरडी होती. मग तिनं काडीनं एक रेघ ओढली, आडवी एक ओढली आणि चौकोनी वडी अलगद सुटून खाली पडली.

"पयल्या दिवसाचा हाय," आत्या म्हणाली. "लागलाय झकास."

मला राहवलं नाही. "आत्या, मागच्या टायमाचा तिसऱ्या दिवसाचा होता. आबांनी पहिल्याच दिवशी दिला होता. मीच गेलो न्हाय. मॅच होती."

"मग दादा बोलला का न्हाय?"

"म्हाईत न्हाय."

आत्यानं काडी टाकून दिली. "तीन वर्सं म्या त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली, "आन खरा धनी हितं उभा हाय, पाठीला चीक लावून." मग आत गेली आणि पिशवी घेऊनच बाहेर आली. "यष्टी कधी हाय बारामतीची?"

"आत्या, गाडीवर बस की, मी नेतो."

"तुझ्या मागं बसू? माझा बी खरवस करशील."

मी परत निघालो तो पंचवीसच्या वेगानं. त्याहून जास्त धाडसच होईना. सायलेन्सर पुन्हा तापला, वास पुन्हा सुटला आणि गावोगावची कुत्री मागं लागली. पंचवीसच्या वेगाला कुत्र्यांना पळावंसुद्धा लागत नव्हतं, ती चालत होती. लासुर्ण्यात त्यांची संख्या नऊ होती. सणसरजवळ एसटीनं मला मागं टाकलं. खिडकीत आत्या होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कुत्र्यांकडं बघितलं, आणि शेजारच्या बाईला संशय येऊ नये म्हणून तोंड पलीकडं फिरवलं.

घरी पोचलो तेव्हा बारामतीला गाडी बदलून आत्या केव्हाच आलेली. बाजेवर दोघं शेजारी बसून चहा पीत होती. मी दाराशीच थांबलो.

"पोराची चूक हाय म्हून सांगायला काय झालं हुतं, दादा?"

"सांगून काय करू? पोरगं तर माझंच हाय."

माझ्या घशात काहीतरी अडकलं. (माशी असावी. सकाळपासून आतच होती.)

"पर दादा," आत्या म्हणाली, "ह्ये असलं खुळं आलं कुठनं रं? आपल्यात तर कुणी असं न्हाय."

"न्हाय ना. बाप कसा हुता आपला. चुलते बघ."

"मग?"

दोघांनी एकदम स्वयंपाकघराकडं बघितलं, आत आई भाजी करत होती. आबांनी आवाज खाली आणला. "मामाच्या वळणावर गेलाय."

"व्हय की. नाकच सांगतंय."

तीन वर्षांनंतर भावाबहिणीचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आत आईनं हातातली पळी खाली ठेवली. आपटली असती तर बरं झालं असतं. ठेवली.

त्याला आता बरेच महिने झाले. आबा आणि आत्या रोज दुपारी फोनवर तासभर बोलतात, रेंज उत्तम लागते. आई मात्र आबांशी बोलत नाही, आणि माझ्याशी तर मुळीच नाही. माझे मामा सुप्याला असतात. परवा आबांनी मला गोठ्यामागं नेलं आणि हळूच म्हणाले, "संजू, तेवढं सुप्याला जाऊन मामाला घिऊन ये. त्यानं समजूत घातली तरच ऐकंल ती."

मी विचारलं, "कशावरनं जाऊ?"

आबांनी माझी गाडी बघितली, मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

"चालत," आबा म्हणाले.