दाराबाहेरची सालोमी

आमच्या विद्यापीठात भांडखोर बाई कोण असं विचारलं तर लोक माझं नाव घेतील, आणि हट्टी कोण म्हटलं तर सालोमी तुस्कानोचं. या दोघींची मैत्री कशी टिकली, हे आमच्या कुलसचिवांना अजून उमगलेलं नाही. मी फार्मसीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. सालोमी तळमजल्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला कक्षात बसते. चिंचोटीच्या अलीकडे, महामार्गाला लागून आमच्या इमारती आहेत आणि त्यांत टांझानिया, मलावी, नेपाळ, येमेन अशी कुठकुठची मुलं शिकतात. ही मुलं सामानासकट येऊन थडकतात ती आधी सालोमीच्या दारात.

तिचं काम नेमकं काय, ते भल्याभल्यांना कळत नाही. वसईतल्या होळी गावात, तिच्या घराच्या आसपास सगळ्यांचा समज असा की सालोमी व्हिसा देते. शेजारीण वांग्याची पाटी खाली ठेवून विचारते, "माझ्या पुतण्याचं कॅनडाचं बघ ना गो." सालोमी म्हणते, "मी व्हिसा देत नाही, आणि कॅनडाचे नियम मला ठाऊक नाहीत. बाहेरची मुलं इथे शिकायला येतात, त्यांना इथले नियम समजावते." शेजारणीला हे उत्तर शिष्टपणाचं वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मूल आत आलं की ती दार लावून घेते. आत बोललेलं बाहेर जात नाही, ना आम्हा प्राध्यापकांकडे, ना त्या मुलाच्या आईबापांकडे. एकदा एक मुलगा माझ्या तासांना सतत दांड्या मारत होता. मी तणतणत खाली गेले. "त्यालाच विचार. तो हो म्हणाला तर सांगते," असं म्हणून तिनं मला वाटेला लावलं. मी आठवडाभर तिच्याशी अबोला धरला, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. अर्ज ती कुणाचाही भरून देत नाही. मूल भरतं, ही शेजारी खुर्ची ओढून बसते. "काय विचारलंय ते नीट वाच, मग खरं काय ते लिही." व्हिसाची मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून ती एकेकाच्या मागे लागते. "होईल ना मॅडम?" असं कुणी रडवेलं होऊन विचारलं तरी तिच्या तोंडून "होईल" निघत नाही. "तुझे कागद पूर्ण आहेत," एवढंच म्हणते. निर्णय सरकारचा, मग वचन मी कुठल्या तोंडानं देऊ, असं तिचं म्हणणं. स्टेशनजवळ शंभर टक्के खात्री देणारे एजंट बसलेले असतात. मुलं आधी तिकडे जाऊन हात पोळून घेतात आणि मग हिच्याकडे येतात. ती त्यांना त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही.

या कामाला दुसरी एक बाजू आहे आणि ती गोड नाही. कोण शिकतंय, कोण मध्येच निघून गेलं, कुणी मुक्काम हलवला, हे विद्यापीठाला सरकारकडे कळवावं लागतं. तेही सालोमीच्याच टेबलावरून जातं. म्हणून नव्या मुलांपुढे ती दरवर्षी एक भाषण देते. मला ते पाठ झालंय. "मी तुमच्या बाजूची आहे, पण माझ्या हातून खोटं होणार नाही. जे कळवावं लागेल ते आधी तुम्हाला सांगेन. आणि हे बघा, वसईची माणसं प्रेमळ आहेत. जेवायला बोलावतील, राहा म्हणतील. खुशाल राहा. पण ज्याच्या घरी मुक्काम कराल त्या घरमालकाला तुमची ऑनलाइन नोंद लगेच करावी लागते. म्हणून आधी मला सांगा."

आणि नेमकी ही नोंद कुणाच्या घरातून राहून गेली, तर सालोमीच्या.

त्याचं असं झालं. चिसोमो ही आमची मलावीची मुलगी, शेवटच्या वर्षाची. उंच, हळू बोलणारी, आणि माझ्या तासाला असे प्रश्न विचारणारी की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागे. दिवाळीच्या सुट्टीत तिला टायफॉइड झाला. वसतिगृह रिकामं, मेस बंद. सालोमी तिला बघायला दवाखान्यात गेली तेव्हा सोबत तिची आई होती, आग्नेसमावशी. मावशी सत्तरी ओलांडलेल्या, पण वाडीतली भाजी अजून स्वतः खुडणाऱ्या. त्यांनी त्या मुलीकडे एकदा पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "या पोरीला तिथे पेज कोन देनार? रिक्षा बोलाव." झालं. वसतिगृहाच्या खोल्या रंगवायला काढल्या होत्या, तेव्हा चिसोमोचं सामानही मागाहून होळीला आलं.

दोन दिवसांचे चार आठवडे झाले. मावशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलायच्या, चिसोमो इंग्रजीत, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. मी एकदा भेटायला गेले तर ती पडवीत बसून माठाच्या जुड्या बांधत होती आणि मावशी तिला, गाठ सैल झाली म्हणून रागवत होत्या. संध्याकाळच्या रोझरीला मराठीतल्या प्रार्थना तिला सालोमीपेक्षा जास्त पाठ झाल्या होत्या, हे मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

सालोमी नोंद करायला विसरली असं मी म्हणणार नाही. विसरायला ती गोष्ट आधी डोक्यात यावी लागते. आजारी पोर घरात आली, आतल्या खाटेवर निजली, तिच्यासाठी मऊ भात होऊ लागला. त्या घरात परदेशी नागरिक कुणी नव्हतंच, मग नोंद कुणाची करायची? होळीपासून अर्नाळ्यापर्यंत कुठल्याही घरात हेच झालं असतं. फक्त त्या बाकीच्या घरांत सालोमी राहत नाही.

जानेवारीत चिसोमोनं मुदतवाढीचा अर्ज केला आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून प्रश्न आला. वसतिगृहाच्या नोंदीप्रमाणे तुम्ही खोली सोडली होती, मग परत येईपर्यंत राहत कुठे होता? कुठेच नोंद नाही. समाधानकारक खुलासा झाला नाही तर मुदतवाढ नाकारली जाऊ शकते. म्हणजे शेवटचं सत्र अर्धवट टाकून, पदवीशिवाय घरी. तो प्रश्न घेऊन ती अर्थातच सालोमीकडे आली.

सालोमीनं वाचलं. मग म्हणाली, "चिसोमो, हे मला बघता येणार नाही."

पोरीला काही समजेना. सालोमीनं तिला सावकाश सांगितलं, "यातली चूक माझ्या घराची आहे. मी तुला सल्ला दिला तर मी तुझं बघतेय की माझं, हे तुलाही कळणार नाही आणि मलाही. तुला दुसरं माणूस पाहिजे."

हे दुसरं माणूस म्हणजे मी. प्रत्येक कक्षाला एक बदली सल्लागार हवा असं मध्ये ठरलं होतं, आणि कुणीच तयार होईना म्हणून माझं नाव घातलं होतं. प्रशिक्षणाला मी जांभया देत बसले होते. आता सालोमीची खुर्ची माझ्याकडे आली. तिनं त्याच दिवशी कुलसचिवांना सगळं स्वतः कळवलं, आणि निकाल लागेपर्यंत तिनं कुणाला सल्ला द्यायचा नाही असं ठरलं. तिचं टेबल कॉरिडॉरमध्ये आलं, मुलांच्या बाकाशेजारी. मुलं सवयीनं तिच्यापुढे थांबायची. "आत जा, सुमेधा मॅडम आहेत," ती म्हणायची, आणि मला आत बसून कानकोंडं व्हायला व्हायचं.

वसतिगृहाची नोंदवही सांभाळणारा धवल भला माणूस आहे. तो दुसऱ्याच दिवशी आला. "मॅडम, एका ओळीचं काम आहे. मी लिहून देतो की मुलगी इथेच होती, नोंद चुकली. माझी चूक म्हणा. कुणाचंच काही बिघडणार नाही." मी तर लगेच तयार होते. पोरीचं वर्ष वाचत होतं, मावशींना कचेरीची पायरी चढावी लागणार नव्हती, सालोमीची खुर्ची शाबूत राहत होती. मी बाहेर येऊन सालोमीला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारू नकोस. चिसोमोला विचार." मला असा राग आला की काय सांगू. अगं बाई, तुझ्या आईचं नाव लागणार आहे त्यात, घर तिच्या नावावर आहे. तिनं मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, "म्हणूनच मला विचारू नकोस."

मग मी दार लावून घेतलं आणि चिसोमोपुढे दोन्ही वाटा ठेवल्या. "मॅडम, मी आजीकडे होते," ती इंग्रजीत म्हणाली, आजी तेवढं मराठीत. "तिनं मला चमच्यानं भरवलं. मी तिथे नव्हतेच असं लिहिलं तर ते सगळं झालंच नाही असं होईल." मी हट्टी सालोमीला शिव्या देत होते, आणि इथे तिचीच दुसरी आवृत्ती माझ्यासमोर बसली होती. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. खुलासा तिनं लिहिला, खराखुरा.

घरमालकीण म्हणून मावशींना कार्यालयात जबाब द्यायला जावं लागलं. सालोमी येऊ शकत नव्हती, मीच नेलं. मावशी माउंट मेरीच्या जत्रेला नेसायची ती साडी नेसल्या होत्या आणि पिशवीत वेलची केळ्यांची फणी होती. अधिकारी वयानं तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. "आजी, परदेशी व्यक्ती इतके दिवस घरी राहिली. कळवलं का नाही?"

"पोरगी तापानं फनफनत होती, साहेब. मी पेज करत होते. कळवायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं."

"तुमच्या मुलीला तर ठाऊक होतं. तिचं कामच आहे ते."

"होतं ना," मावशी म्हणाल्या. "पन ती घरी होती तेव्हा. घरी ती माझी पोर असते, कचेरीची नसते."

त्यानं मान खाली घालून ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग विचारलं, "पुन्हा असं कुणी आलं तर काय कराल?"

"आधी पेज, मग तुमाला कळवीन."

त्यानं सही घेतली आणि केळी मात्र घेतली नाहीत. लाच नव्हे, नुसती केळी, असं मी सांगून पाहिलं, तरी नाही. मावशी परतीच्या वाटेभर त्याच गोष्टीवरून फुरंगटून बसल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी आणि सालोमी रोज चहा प्यायचो आणि वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल बोलायचो. तिनं एकदाही विचारलं नाही की काही कळलं का. माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती, आणि मला वाटायचं, एकदा विचार ना गं, म्हणजे मला तुझ्यावर ओरडता तरी येईल. ती वाळत चालली होती. तिला स्वतःच्या नोकरीची भीती नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. आपल्या घरच्या मायेनं या पोरीचं वर्ष बुडवलं तर काय, हे तिला आतून खात होतं.

फेब्रुवारीच्या एका दुपारी चिसोमो माझ्याजवळ बसली असताना उत्तर आलं. खुलासा मान्य, नोंदीत ताकीद, आणि परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे जूनअखेर, मुदतवाढ. पोरीनं मला मिठी मारली. मी म्हटलं, जा, बाहेर सालोमीला सांग. ती म्हणाली, "आधी आजीला सांगू?" आणि फोन कानाला लावून मागच्या व्हरांड्यात गेली.

मी दार उघडून बाहेर आले. सालोमीनं वर पाहिलं. विचारलं नाही. आणि मला सांगता येईना. बातमी चिसोमोची होती, ती तिनंच सांगायची. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून उभी राहिले, आणि तेवढ्यात सालोमीचा फोन वाजला.

मावशींचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. त्या फोनवर नेहमी पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात. "सालोमी, पोरीचं झालं गो. राहनार ती. तुला कोन सांगनार नाय म्हनून मीच केला."

सालोमीनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. केवढं मोठं ओझं ती इतके दिवस वागवत होती, ते मला तेव्हा दिसलं, आणि माझेही डोळे भरले.

"जूनपर्यंत ना?" मावशी पुढे म्हणाल्या. "मग पुढे तिला ठेवून घ्यायचं तर अर्ज कुनाकडे करायचा? तुला ठाऊक असेल ना."

सालोमीनं आजवर कुणालाच खोटं सांगितलेलं नाही, आणि आईला तर नाहीच.

"त्याला अर्ज नसतो, आय," ती म्हणाली, आणि मुलांच्या त्या बाकावर बसून हमसून हमसून रडली.